आजीवन विमा कोणत्या कंपनीचा विकावा? नागपुरातील नव्या विमा एजंटांसाठी मार्गदर्शन

आजीवन विम्याची पॉलिसी विकणाऱ्या माणसाला त्या पॉलिसीचा शेवट सहसा पाहायला मिळत नाही. तिशीतल्या ग्राहकाला आज दिलेली पॉलिसी वयाच्या ९९व्या किंवा १००व्या वर्षापर्यंत चालणार असते. क्लेमचा अर्ज भरला जाईल तेव्हा ती विकणारा एजंट बहुधा काम सोडून गेलेला असेल किंवा हयातही नसेल. वीस वर्षांची एंडोमेंट (ठरावीक मुदतीनंतर पैसे देणारी पॉलिसी) विकताना कंपनीच्या निवडीत चूक झाली, तर एजंटला स्वतः धावपळ करून ती थोडीफार सावरता येते. आजीवन विम्यात ती चूक विमेदाराची पत्नी, मुलगा किंवा सून निस्तरत बसते. म्हणून हा व्यवसाय नव्याने सुरू करणाऱ्यांनी कमिशनचा तक्ता सर्वांत शेवटी उघडावा आणि क्लेमच्या दिवसापासून मागे मोजत कंपनी निवडावी, असे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो आहे.

आजीवन विम्याचे बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला बोनस मिळणारा, म्हणजे कंपनीच्या नफ्यात सहभागी असलेला. दुसरा बोनस नसलेला, पण रकमा आधीच ठरवून हमी दिलेला. आणि तिसरा शेअर बाजाराशी जोडलेला. एलआयसीची जीवन उमंग पहिल्या प्रकारातली आहे, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली जीवन उत्सव दुसऱ्या प्रकारातली. खासगी कंपन्यांकडेही या तिन्ही प्रकारांच्या योजना आहेत. पुढील विवेचन मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांना लागू आहे.

पहिले पाऊल : आपण कोणत्या वाटेने येणार, ते ठरवा

आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे वैयक्तिक एजंटला एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचे काम करता येते. त्याच्या जोडीला एक सर्वसाधारण विमा कंपनी आणि एक आरोग्य विमा कंपनी घेता येते, पण आयुर्विम्याची कंपनी एकच. त्यामुळे वैयक्तिक एजन्सी घेणाऱ्याच्या बाबतीत ‘कोणत्या कंपन्या विकाव्यात’ हा प्रश्न ‘कोणती एक कंपनी निवडावी’ इतका अरुंद आणि तितकाच निर्णायक होतो.

एकाहून अधिक कंपन्यांच्या योजना ग्राहकासमोर ठेवायच्या असतील, तर वाटा वेगळ्या आहेत. इन्शुरन्स मार्केटिंग फर्म काढली, तर प्रत्येक विमा प्रकारात ६ कंपन्यांशी करार करता येतो. कॉर्पोरेट एजंटला (विमा विकणाऱ्या बँकेसारख्या संस्थेला) हीच मर्यादा ९ आहे. या दोन्ही मर्यादा २०२२च्या अखेरीस वाढवण्यात आल्या. मार्केटिंग फर्मसाठी सर्वसाधारणपणे १० लाख रुपयांची नक्त मत्ता (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) दाखवावी लागते, तर थेट ब्रोकरचा परवाना हवा असेल तर किमान ७५ लाख रुपयांचे भांडवल लागते आणि मग कंपन्यांच्या संख्येवर बंधन राहत नाही. दहावी उत्तीर्ण उमेदवाराला १५ तासांच्या प्रशिक्षणानंतर ब्रोकरच्या किंवा कंपनीच्या हाताखाली पॉइंट ऑफ सेल्स प्रतिनिधी होता येते, परंतु त्याला ठरावीक साध्या योजनाच विकता येतात.

नव्या माणसाने एकदम मार्केटिंग फर्मच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली तीन-चार वर्षे एकाच कंपनीची पुस्तिका, तिचे प्रपोजल फॉर्म (विम्याचे अर्ज), तिच्या शाखेतील कामकाज आणि तिच्या क्लेम विभागाची पद्धत यांत मुरावे. मग फर्मचा विचार करावा. दुसरे असे की, ‘माझी एजन्सी या कंपनीची आणि बायकोच्या नावाने त्या कंपनीची’ ही पळवाट अनेकजण सुचवतात. ती धरू नये. प्रपोजलसोबत एजंटचा गोपनीय अहवाल जातो. त्यात विमेदाराला मी किती वर्षे ओळखतो आणि त्याची प्रकृती कशी दिसते हे लिहून सही करायची असते. ज्या व्यक्तीने ग्राहकाला पाहिलेलेच नाही, तिची सही त्या कागदावर असेल, तर उद्या वादग्रस्त क्लेममध्ये पहिली अडचण त्याच कुटुंबाची होते.

कंपनी बदलता येते, पण ते सोपे नाही. आधीच्या कंपनीकडे नियुक्तिपत्र आणि ओळखपत्र परत करून एजन्सी संपल्याचा दाखला घ्यावा लागतो, आणि तो दाखला मिळाल्यापासून ९० दिवसांनंतरच नवी कंपनी अर्जाचा विचार करते. त्यात आपण विकलेल्या जुन्या पॉलिसी जुन्या कंपनीतच राहतात आणि त्या ग्राहकांना आपण सेवा देऊ शकत नाही. हे सर्व आधीच डोळ्यांसमोर ठेवून निवड करावी.

दुसरे पाऊल : आपले ग्राहक कोण असतील, याची यादी करा

एका वहीत आपल्या ओळखीच्या ५० कुटुंबांची नावे लिहा आणि प्रत्येकासमोर उत्पन्न कोणत्या महिन्यात हातात येते, ते नोंदवा. नागपुरात ही नोंद फार बोलकी निघते. आयुध निर्माणी, वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स), रेल्वे, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रे किंवा महालेखापाल कार्यालय येथील नोकरदाराचा पगार महिन्याला येतो. त्याला पगारातून कपात किंवा बँकेतून आपोआप वळता होणारा मासिक हप्ता सोयीचा पडतो. गांधीबाग आणि इतवारीतील व्यापाऱ्याचा पैसा दिवाळी आणि लग्नसराईच्या आसपास मोकळा होतो. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराचे गणित आणखी वेगळे असते: आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये विकली जातात आणि मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. अशा शेतकऱ्याला जूनमध्ये वार्षिक हप्त्याची तारीख पडेल अशी पॉलिसी देणे म्हणजे पेरणीच्या खर्चात त्याला हप्त्याचा तगादा लावणे होय. ती पॉलिसी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंद पडणार, हे तेव्हाच ठरलेले असते.

म्हणून कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न असा: पॉलिसी सुरू होण्याची तारीख ग्राहकाच्या सोयीने ठेवता येते का, चालू आर्थिक वर्षातील मागची तारीख देता येते का, आणि हप्ता चुकल्यास पॉलिसी पुन्हा सुरू करण्याची पद्धत कशी आहे? वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, मासिक हप्त्याला १५ दिवसांची. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करताना काही कंपन्या साध्या आरोग्य जाहीरनाम्यावर काम भागवतात, तर काही लवकरच वैद्यकीय तपासणी मागतात. शेतकरी ग्राहक अधिक असतील, तर हा फरक कमिशनातील दोन-चार टक्क्यांपेक्षा मोठा आहे.

तिसरे पाऊल : कंपनीचे आकडे स्वतः वाचा

प्रत्येक आयुर्विमा कंपनीला दर तिमाहीला आपले आकडे संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. त्यांतील एल-२२ या तक्त्यात विविध गुणोत्तरे असतात, एल-४० मध्ये क्लेमची माहिती आणि एल-४१ मध्ये तक्रारींची. भरतीसाठी आलेल्या अधिकाऱ्याने दाखवलेल्या रंगीत पत्रकाऐवजी हे तीन तक्ते छापून घ्यावेत आणि सलग चार-पाच वर्षांचे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

सॉल्व्हन्सी गुणोत्तर, म्हणजे देणी भागवण्याच्या ताकदीचे माप, किमान १.५ असावे, असा विमा नियामकाचा (आयआरडीएआय) नियम आहे. एखाद्या तिमाहीत ते किती होते, यापेक्षा ते वर्षानुवर्षे या रेषेच्या किती वर राहिले आणि घसरल्यावर मालकांनी नवे भांडवल वेळेवर घातले का, हे पाहावे. एलआयसीच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट आहे: १९५६च्या एलआयसी कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे तिच्या पॉलिसींतील विमा रक्कम आणि जाहीर झालेला बोनस यांना केंद्र सरकारची हमी आहे. खासगी कंपन्यांना अशी हमी नाही; त्यांच्यामागे त्यांचे भांडवल आणि नियामकाची देखरेख असते. ग्राहकाला हा फरक भीती न घालता आणि लपवून न ठेवता, जसा आहे तसा सांगावा.

पर्सिस्टन्सी, म्हणजे विकलेल्या पॉलिसींपैकी किती टिकल्या याचे प्रमाण, हा आजीवन विमा विकणाऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे, असे मला वाटते. तो १३व्या, २५व्या, ३७व्या, ४९व्या आणि ६१व्या महिन्यासाठी दिलेला असतो. १३व्या महिन्याचा आकडा बहुतेकजण पाहतात. आपण ६१व्या महिन्याचा पाहावा. पाच वर्षांनंतरही ग्राहक हप्ते भरत असतील, तर त्या कंपनीचे एजंट ग्राहकाला पेलेल अशीच पॉलिसी विकतात आणि विकल्यावर त्याच्या घरी जातात, असा अर्थ निघतो. हा आकडा वाईट असलेल्या कंपनीत आपण शिरलो, तर विक्रीची तशीच घाई आपल्यालाही शिकवली जाईल.

क्लेम सेटलमेंट रेशो, म्हणजे आलेल्यांपैकी मंजूर झालेल्या क्लेमचे प्रमाण, मात्र जरा जपून वाचावा. सगळे ९७, ९८, ९९ टक्के दाखवतात आणि नवे एजंट त्या एका आकड्यावर कंपनी ठरवतात. खासगी आयुर्विमा कंपन्यांना पहिले परवाने ऑक्टोबर २०००मध्ये मिळाले. त्यामुळे त्यांच्यापैकी कोणाकडेही ५० वर्षे चाललेल्या आजीवन पॉलिसीचा क्लेम अजून आलेलाच नाही. आज ते देत असलेले क्लेम पहिल्या पाव शतकातल्या पॉलिसींचेच आहेत. यात त्यांचा दोष काहीच नाही, पण या आकड्यावरून आजीवन विम्याच्या शेवटाबद्दल फारसे कळत नाही, हे लक्षात ठेवावे. त्याऐवजी क्लेम संख्येने किती आणि रकमेने किती मंजूर झाले, हे दोन आकडे ताडून पाहावेत. संख्येने ९९ टक्के आणि रकमेने बरेच कमी असे दिसले, तर मोठ्या रकमेचे क्लेम अडतात, असा त्याचा अर्थ होतो.

कंपन्यांची नावे आणि मालकही बदलतात. २००५ साली आयएनजी वैश्य लाइफची पॉलिसी घेतलेल्या माणसाचा विमा २०१४मध्ये एक्साइड लाइफकडे आणि २०२२मध्ये विलीनीकरणानंतर एचडीएफसी लाइफकडे गेला. पॉलिसी तीच, हक्कही तेच, पण घरातील कपाटात जो बाँड (पॉलिसीचा मूळ दस्तऐवज) आहे त्यावरचे नाव शहरातील कोणत्याच पाटीवर उरलेले नाही. आजीवन विम्यात असे एकदा नव्हे, दोन-तीनदा घडू शकते. त्यामुळे कंपनीचे प्रवर्तक कोण, परदेशी भागीदार बाहेर पडण्याच्या बेतात आहे का, हे वर्तमानपत्रांतून वाचत राहणे हा आपल्या कामाचाच भाग आहे.

चौथे पाऊल : योजनेची वाक्ये आणि बोनसचे गणित तपासा

येथे सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण आजीवन विम्यात दोन योजनांतील फरक पहिली वीस-पंचवीस वर्षे दिसतच नाही.

एक हिशेब करून पाहा. एका कंपनीचा बोनस साध्या पद्धतीने, दर हजारी ४५ रुपये आहे असे समजा. दुसऱ्या कंपनीचा चक्रवाढ पद्धतीने, दर हजारी ३० रुपये. विमा रक्कम १ लाख रुपये धरा. २५ वर्षांनी पहिलीचा साठलेला बोनस १,१२,५०० रुपये होतो आणि दुसरीचा सुमारे १,०९,४०० रुपये. म्हणजे जवळपास सारखाच. ५० वर्षांनी मात्र पहिलीचा २,२५,००० रुपये आणि दुसरीचा सुमारे ३,३८,४०० रुपये होतो. एंडोमेंट विकणाऱ्याला ज्या दोन कंपन्या एकाच मापाच्या वाटतात, त्या आजीवन विम्यात एक लाखाहून अधिक रुपयांनी वेगळ्या पडतात. अर्थात, हे दर कायम राहतीलच असे नाही. बोनस दरवर्षी नव्याने जाहीर होतो आणि जाहीर झालेला तेवढाच पक्का असतो. म्हणून कंपनीच्या मागील दहा वर्षांच्या बोनसदरांचा तक्ता मागावा. तसेच हप्ते संपल्यानंतरही बोनस साठत राहतो की थांबतो, आणि तो दरवर्षी रोख घेता येतो का, हे योजनेच्या कागदपत्रातून वाचून घ्यावे. सहभागी योजनांच्या वाटलेल्या नफ्यात पॉलिसीधारकांचा हिस्सा किमान ९० टक्के असतो, हेही ग्राहकाला सांगता येते.

दुसरी तपासणी लाभदर्शक तक्त्याची, म्हणजे पुढे किती रक्कम मिळू शकेल ते दाखवणाऱ्या तक्त्याची. ४ टक्के आणि ८ टक्के या परताव्याच्या दोन गृहीत दरांनी तो बनवलेला असतो आणि हे दर सर्व कंपन्यांना सारखेच आहेत. ग्राहकाचे वय, हप्ता आणि मुदत सारखी ठेवून दोन कंपन्यांचे तक्ते काढले आणि त्याच ८ टक्क्यांवर एका कंपनीची रक्कम कमी निघाली, तर तिचा खर्च अधिक आहे किंवा विम्याच्या संरक्षणासाठी ती अधिक पैसे कापते, हे कळते. तुलनेचे इतके साधे साधन दुसरे नाही.

तिसरी गोष्ट मी कळकळीने सांगतो. काही आजीवन योजनांत हप्ते संपल्यावर दरवर्षी विमा रकमेच्या ठरावीक टक्के रक्कम मिळते. जीवन उमंगमध्ये ती मूळ विमा रकमेच्या ८ टक्के आहे. अनेक एजंट हे वाक्य ‘आयुष्यभर ८ टक्के व्याज’ असे करून सांगतात. समजा, ५ लाखांच्या पॉलिसीला वर्षाला २८,००० रुपये हप्ता २० वर्षे भरला आणि मग दरवर्षी ४०,००० रुपये मिळू लागले. ही रक्कम विमा रकमेच्या ८ टक्के आहे हे खरे, पण पहिला हप्ता वीस वर्षे वाट पाहत होता, त्याचा काळ या हिशेबात धरलेला नाही. संगणकावरील हिशेबाच्या तक्त्यात एक्सआयआरआर हे (तारखा धरून वार्षिक परतावा काढणारे) सूत्र घालून पाहिले, तर प्रत्यक्ष परतावा ८ टक्क्यांपेक्षा बराच कमी येतो. योजना त्यामुळे वाईट ठरत नाही. तिच्यात विमा आहे, शिस्त आहे, म्हातारपणी दरवर्षी हातात येणारी रक्कम आहे. ग्राहकाला हे खरे गुण सांगावेत. जी कंपनी आपल्या प्रशिक्षणात ‘व्याज’ हा शब्द वापरायला शिकवते, त्या कंपनीपासून दूर राहावे.

सरेंडर (पॉलिसी मध्येच सोडणे), पेड-अप (हप्ते थांबवून कमी विम्यावर ती चालू ठेवणे) आणि कर्ज यांच्या अटीही वाचाव्यात. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांमुळे एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेला असेल, तर पहिल्या वर्षानंतर पॉलिसी सोडणाऱ्यालाही काही रक्कम मिळते. पूर्वी अशा माणसाच्या हाती काहीच लागत नसे. करांचेही पाहावे: १ एप्रिल २०२३ पासून दिलेल्या पारंपरिक पॉलिसींचा एकत्रित वार्षिक हप्ता ५ लाखांवर गेला, तर हयातीत मिळणाऱ्या रकमेवरील करसवलत जाते, आणि विमा रक्कम वार्षिक हप्त्याच्या १० पटींपेक्षा कमी असली तरीही जाते. हप्ते भरण्याची मुदत फार कमी निवडली, की काही योजनांत हे गुणोत्तर १० पटींच्या खाली घसरते, आणि इतवारीतील व्यापाऱ्याला नेमकी तीच कमी मुदत हवी असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. जुने छापील हप्ता तक्ते त्यामुळे टाकून द्यावेत.

पाचवे पाऊल : शाखेत ग्राहक म्हणून जाऊन या

कामठी रस्त्यावरच्या एलआयसी चौकाचे नाव नागपूरकरांच्या तोंडी इतके बसले आहे, की ऑक्टोबर २०२४मध्ये खुला झालेला दुमजली उड्डाणपूलही ‘एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक’ असाच सांगितला जातो. विमा म्हणजे एलआयसी हे समीकरण येथे जुने आहे आणि नव्या एजंटला त्याचा फायदा होतो. तरीही कोणतीही कंपनी, सरकारी वा खासगी, केवळ नावावर निवडू नये.

भरती अधिकाऱ्याच्या खोलीत बसण्याआधी एखाद्या सोमवारी सकाळी शाखेच्या सेवा खिडकीसमोर रांगेत उभे राहा. मृत्यूच्या क्लेमला कोणकोणते कागद लागतात, याची छापील मराठी यादी मागा. नॉमिनी वारला असेल तर काय करायचे, ते विचारा. पत्ता बदलायला किती दिवस लागतात, ते विचारा. उत्तर देणारा माणूस खिडकीत बसलेला आहे, की ‘टोल फ्री क्रमांकावर फोन करा’ एवढेच ऐकायला मिळते, यावरून कंपनीची बरीच परीक्षा होते. सीताबर्डीतील एका खासगी कंपनीच्या शाखेत माझा एक ग्राहक वर्षभराने गेला, तेव्हा तेथे दुसऱ्याच व्यवसायाची पाटी लागलेली होती. शाखा हलवल्याचे पत्र त्याला आलेच नव्हते. काटोल, उमरेड, रामटेक किंवा सावनेरचा ग्राहक असेल, तर त्याच्या तालुक्यात कंपनीचे काही कार्यालय आहे की प्रत्येक कामासाठी त्याने नागपूरची एसटी पकडायची, याचाही विचार करावा. तरुण मुले भ्रमणध्वनीवर सर्व करू शकतात, पण आजीवन विम्याचा क्लेम सत्तरीतल्या विधवेला करायचा असतो.

सहावे पाऊल : कोणाला विमा मिळेल, हे आधी विचारा

या बाबतीत विदर्भाचा एक खास मुद्दा आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) प्रमाण लक्षणीय आहे आणि अनेक कुटुंबांत कोणीतरी वाहक असतो. वाहक आणि प्रत्यक्ष रुग्ण यांत मोठा फरक आहे. तरीही प्रपोजल तपासताना सगळ्या कंपन्या सारखा निर्णय घेतीलच असे नाही. कोणी सामान्य हप्त्यावर स्वीकारते, कोणी जादा हप्ता लावते, कोणी निर्णय लांबवते. करार करण्यापूर्वी कंपनीच्या अंडररायटिंग (जोखीम तपासणाऱ्या) विभागाकडून सिकलसेल वाहक, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तंबाखू-खर्रा यांबाबतचे धोरण लेखी समजून घ्यावे. खर्रा खाणारा माणूस फॉर्मवर ‘तंबाखू नाही’ असे लिहायला सहज तयार होतो, आणि एजंटही डोळेझाक करतो. तसे कधीही करू नये. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ३ वर्षांनंतर पॉलिसीवर कोणत्याही कारणाने प्रश्न उपस्थित करता येत नाही, हे खरे आहे; परंतु बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली, की ही ३ वर्षे नव्याने मोजली जातात, हे फार थोड्या एजंटांना ठाऊक असते.

उत्पन्नाच्या पुराव्याचेही असेच आहे. शेतकऱ्याचा सातबारा आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला कंपनी किती विमा रकमेपर्यंत मान्य करते, आणि वैद्यकीय तपासणीची सोय तालुक्याच्या ठिकाणी आहे की फक्त नागपुरात, हे विचारून घ्यावे.

सातवे पाऊल : आता कमिशन आणि करार

२०२३मध्ये योजनावार कमिशनच्या मर्यादा काढून टाकण्यात आल्या आणि कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा आली. तेव्हापासून कंपनीगणिक कमिशन वेगळे असते. पहिल्या वर्षाचे कमिशन जास्त आणि रिन्युअल (पुढच्या वर्षांच्या हप्त्यांवरचे कमिशन) कमी, अशा तक्त्याला भुलू नये. १५-२० वर्षे हप्ते चालणाऱ्या आजीवन पॉलिसीत रिन्युअल कमिशन हेच एजंटचे निवृत्तिवेतन असते. पॉलिसी लवकर बंद पडल्यास दिलेले कमिशन परत घेण्याचे कलम करारात आहे का, रिन्युअल चालू राहण्यासाठी दरवर्षी किती नवे काम करावे लागते, आणि एजंटच्या मृत्यूनंतर रिन्युअल वारसाला मिळते का, ही तीन कलमे सही करण्यापूर्वी अधोरेखित करून वाचावीत. एलआयसीच्या एजंटांची ग्रॅच्युइटीची मर्यादा २०२३मध्ये ३ लाखांवरून ५ लाख रुपये झाली, तेही तुलनेत धरावे.

ग्राहकाला आपल्या कमिशनातून हप्त्यात सूट देणे विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. नागपुरात ‘पहिला हप्ता किती परत देता?’ हा प्रश्न आपल्याला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. त्याला पहिल्याच वेळी नम्रपणे नकार द्यावा.

आठवे पाऊल : परीक्षा, नियुक्ती आणि पहिली फाइल

कंपनी ठरली, की तिच्यामार्फत प्रशिक्षण घेऊन आयसी-३८ ही परीक्षा द्यावी लागते. त्यात विशेष अवघड काही नाही. नियुक्तिपत्र हाती आल्यावरची पहिली पॉलिसी मात्र सावकाश करावी. बाँड हाती पडल्यापासून ३० दिवसांत ग्राहकाला तो परत करता येतो, हे त्याला स्वतःहून सांगावे. कर्ज असलेल्या व्यापाऱ्याला विवाहित स्त्रियांच्या संपत्तीविषयीच्या १८७४च्या कायद्याखाली पॉलिसी घेता येते, म्हणजे ती रक्कम पत्नी-मुलांसाठी राखीव राहते आणि धनकोंना सहसा तिच्यावर हात घालता येत नाही. ही सोय प्रपोजलच्या वेळीच घ्यावी लागते, नंतर नाही. तक्रार कंपनीने ३० दिवसांत सोडवली नाही, तर ५० लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात विमा लोकपालांकडे जाता येते, आणि नागपूरकरांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे.

काही वर्षांपूर्वी मानेवाड्यातील एका निवृत्त शिक्षकाच्या घरी मी दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. ते वारून दोन वर्षे झाली होती. त्यांच्या पत्नीने लोखंडी पेटीतून जुने कागद काढले. वीजबिले, गुरुपौर्णिमेचे फोटो आणि त्यांखाली २००३ सालची जीवन आनंद पॉलिसी. तिची १५ वर्षांची मुदत संपून पैसे मिळाले होते, म्हणून घरच्यांनी ‘ही झाली’ असे समजून ती खाली ठेवून दिली होती. त्या योजनेत मुदत संपल्यानंतरही मृत्यूपर्यंत मूळ विमा रकमेचे संरक्षण चालू राहते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि पॉलिसी देणारा एजंट कधीच हे काम सोडून गेला होता. बाँडच्या मागे त्याने पेन्सिलीने आपला फोन क्रमांक लिहिलेला होता. त्यातले दोन आकडे पुसले गेले होते.

तेव्हापासून मी प्रत्येक आजीवन पॉलिसीसोबत एक कोरा जाड कागद देतो आणि आपणही द्यावा, अशी माझी विनंती आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहायचे: पॉलिसी क्रमांक, कंपनीचे आजचे नाव, शाखेचा पत्ता, हप्ते कोणत्या वर्षी संपतील, त्यानंतर दरवर्षी काय मिळेल, आणि शेवटी, ‘पैसे मिळाले तरी ही पॉलिसी संपलेली नाही, मृत्यूनंतर पुन्हा रक्कम मिळेल.’ त्याची एक प्रत बाँडला जोडायची आणि दुसरी घरातील सर्वांत तरुण कमावत्या व्यक्तीच्या हातात द्यायची. कंपनीचे नाव किंवा शाखेचा पत्ता बदलला, की पुढच्या दिवाळीच्या भेटीत जुना कागद काढून नवा ठेवायचा.